लिप बाममध्ये नेमकं असतं काय आणि आपल्या मराठवाड्याच्या हवेत कुठलं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मेडिकलच्या काउंटरवर बसते मी, फार्मसी केलेली आहे. दिवाळी झाली की "ताई ओठ उलायलेत, काहीतरी द्या" हे रोजचंच. आता काहीतरी म्हटलं की दुकानदार हाताला येईल ती डबी देतो, घेणारा वास बघून घेतो, आणि महिनाभर लावूनही फरक पडत नाही तेव्हा दोष ओठांवर जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की डबीवरचं फळाचं चित्र सोडा आणि मागचे पहिले चार-पाच घटक वाचा, बाम कसा वागणार ते तिथंच कळतं. लोक जे जे विचारतात ते सगळं इथं एकत्र लिहिलंय.

आपल्याकडं ओठ एवढे का उलतात?

ओठाची कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा लई पातळ असते आणि तिच्यात तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतातच. गालावर, कपाळावर शरीर स्वतःच थोडं तेल सोडत असतं, ओठाला ती सोय नाही. त्यात आपली हवा. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटतं, परभणीत रात्रीचा पारा थंडीत एक आकडी येतो, दुपारी पुन्हा ऊन कडक, आणि मे महिन्यात ४२-४३ अंश. कापूस वेचायला, तूर काढायला दिवसभर रानात असलेल्या बायकांचे ओठ बघा, खालच्या ओठाला मधोमध उभी चीर पडलेली असते.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जीभ. ओठ सुकले की आपण चाटतो, थुंकी दोन मिनिटांत उडून जाते आणि जाताना ओठातलं पाणीही घेऊन जाते, शिवाय थुंकीत अन्न पचवणारे घटक असतात ते त्या पातळ कातडीला चरचरवतात. मग अजून सुकतात, मग अजून चाटतो. बाम कितीही भारी आणला तरी चाटणं थांबलं नाही तर उपयोग नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. सर्दीनं नाक बंद असेल आणि रात्रभर तोंडानं श्वास चालू असेल तरी सकाळी ओठांची सालपटं निघतात.

लेबलवर एवढी नावं असतात, त्यातलं वाचायचं काय?

बाममधला प्रत्येक घटक साधारण तीनपैकी एक काम करतो. काही पाणी उडू नये म्हणून वरून थर देतात, जसं पेट्रोलियम जेली, मेण, लॅनोलिन. काही कातडीच्या बारीक भेगांत शिरून मऊ करतात, म्हणजे तेलं आणि बटर. आणि काही पाणी ओढून धरतात, म्हणजे ग्लिसरीन, मध, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. आपल्या कोरड्या हवेत पहिलं काम सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं ग्लिसरीन लावून उन्हात गेलात तर बाहेर ओढायला ओलावाच नसतो, मग ते आतल्या कातडीतलं पाणी वर ओढतं आणि ते उडून जातं. म्हणून ग्लिसरीन, हायल्युरॉनिक असेल तर त्याच्यावर थर देणारं काहीतरी पाहिजेच.

आता क्रम. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले नंतर कुठल्याही क्रमानं. म्हणजे पुढं मोठ्या अक्षरात 'मँगो बटर' लिहिलंय आणि मागं ते पंधराव्या नंबरला, सुगंधाच्याही नंतर आहे, तर त्यात आंबा नावापुरताच आहे हे समजून जा.

अडचण एकच आहे, घट्ट माल ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्या पॅकवर घटक छापायची सक्ती नियमात नाही, आणि लिप बाम तर चार-पाच ग्रॅमचाच असतो. तरी चांगल्या कंपन्या बाहेरच्या खोक्यावर यादी देतात, नाहीतर त्यांच्या वेबसाइटवर असते. जिथं यादी कुठंच सापडत नाही तो बाम मी तरी घेत नाही.

यादीतली नावं तर वाचताच येत नाहीत?

थोडी पाठ करून ठेवा, बस होतं. सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण. ब्युटिरोस्पर्मम पार्की म्हणजे शिया बटर. थिओब्रोमा ककाओ म्हणजे कोको बटर. रिसिनस कम्युनिस म्हणजे आपलं एरंडेल. कोकोस न्युसिफेरा खोबरेल. मेंथा पिपेरिटा म्हणजे पेपरमिंटचं तेल, हे दिसलं की थांबायचं, का ते खाली लिहिलंय. टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई, हे बहुतेक वेळा तेल खवट होऊ नये म्हणून टाकलेलं असतं.

पेट्रोलियम जेली बरी की मेणाचा बाम?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि दोन्हीचं काम वेगळं आहे.

पेट्रोलियम जेलीची गोष्ट १८५९ सालची. रॉबर्ट चेसब्रो नावाचा केमिस्ट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर गेला, तिथले कामगार पंपाच्या दांड्याला चिकटणारा मेणचट गाळ भाजल्या-कापल्यावर लावताना त्यानं बघितले. त्यानं तो गाळ शुद्ध केला आणि १८७२ मध्ये व्हॅसलीन नावानं पेटंट घेतलं. आजही पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं काही नाही, कातडीतून उडणारं पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत रोखते. वास नाही, चव नाही, अ‍ॅलर्जी फार म्हणजे फार क्वचित. ओठ फुटून रक्त यायला लागलंय तर मी डोळे झाकून हीच देते.

पण ती स्वतः पाणी देत नाही. सुकलेल्या ओठावर लावली तर सुकेपण तसंच झाकून राहतं. तोंड धुतल्यावर ओठ टिपायचे, किंचित ओलसर असतानाच लावायची. दुसरं म्हणजे ती टिकत नाही, चहा प्याला की गेली, आणि उन्हात पातळ होऊन पसरते.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून मेणाचा बाम ओठावर बसून राहतो आणि स्टिकचा आकारही धरतो. पाणी अडवण्यात तो जेलीपेक्षा कमी, टिकण्यात जास्त. कार्नौबा नावाचं एका ब्राझिलियन ताडाच्या पानाचं मेण आहे, ते तर ८० अंशांच्या वर वितळतं, पण जास्त असेल तर बाम ओठावर ओढल्यासारखा कडक लागतो. माझा हिशोब सोपा आहे: रात्री झोपताना जेली, दिवसा बाहेर मेणाची स्टिक.

पेट्रोलपासून बनते म्हणे, मग कॅन्सर नाही का होत?

कच्च्या तेलात घातक घटक असतात हे खरं आहे, पण औषधाच्या दर्जाची पांढरी जेली बनवताना ते शुद्धीकरणात काढून टाकलेले असतात. डोळ्यात घालायच्या मलमाचा आधार हाच असतो, भाजलेल्या जखमेवर ठेवायच्या जाळीला हाच लावलेला असतो. मेडिकलवर 'व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आयपी' किंवा 'व्हाइट पेट्रोलियम जेली आयपी' म्हणून मागा. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधाचा दर्जा. यात्रेत, आठवडी बाजारात बिनालेबलची पिवळी जेली डब्यातून काढून देतात ती घेऊ नका, ती कशी शुद्ध केलीय ते कुणालाच माहीत नसतं.

थंडगार लागणारा बाम लावला की लगेच बरं वाटतं, तो चांगला ना?

नाही. थंड लागतं ते मेंथॉल, कापूर किंवा पेपरमिंटमुळं. मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, ओठ खरोखर थंडही होत नाही आणि ओलाही होत नाही. चांगल्या ओठावर कधीमधी लावलं तर फार बिघडत नाही, पण फुटलेल्या ओठावर हीच चीज चरचर करते, सालपटं काढते, आणि तासाभरात ओठ पुन्हा ताठ. लोकांना वाटतं बाम काम करायलाय कारण झोंबतंय. झोंबणं ही औषधाची खूण आहे हा समज आपल्याकडं फार पक्का बसलाय, तो ओठाच्या बाबतीत काढून टाका. दालचिनीचं तेल, लवंग, मिरचीचा अर्क टाकून ओठ फुगवणारे ग्लॉस, सगळे त्याच माळेचे मणी.

बाम लावायची सवय लागते का?

व्यसन लागेल असं त्यात काही नसतं. पण वर सांगितलेला झोंबणारा बाम असेल तर तो स्वतःच ओठ बिघडवतो आणि मग आपण तोच परत परत लावतो, त्याला लोक सवय म्हणतात. बिनवासाच्या साध्या जेलीवर दोन-तीन आठवडे राहून बघा, आपोआप कमी लागायला लागतं.

आमच्या घरी वर्षानुवर्षं बोरोलीनच लावतात, चालेल का?

१९२९ पासून कोलकात्यात बनतंय ते, आणि घराघरात आहे. त्यात मुख्य म्हणजे झिंक ऑक्साइड, लॅनोलिन आणि बोरिक अ‍ॅसिड. झिंक आणि लॅनोलिन कातडीसाठी चांगलेच आहेत. बोरिक अ‍ॅसिड सौम्य जंतुनाशक आहे, पण ओठावर लावलेलं पोटात जातं, आणि फुटलेल्या कातडीतून ते शरीरात शिरू शकतं. टाचेला, कोपराला खुशाल लावा. मोठ्या माणसानं एखाद्या रात्री ओठाला लावलं तर घाबरायचं कारण नाही, पण रोज दिवसातून चारदा ओठाला आणि लहान लेकरांच्या तोंडाला मी देत नाही. कुठल्याही अँटिसेप्टिक क्रीमचं हेच. ओठ फुटणं म्हणजे जंतू झालेत असं नसतं, ते कोरडे झालेले असतात.

लॅनोलिन म्हणजे काय?

मेंढीच्या लोकरीवरची चरबट मेणचट वस्तू, लोकर धुताना निघते. कातडीच्या स्वतःच्या तेलाच्या जवळ जाणारी, पाणी अडवते आणि थोडं धरूनही ठेवते. अंगावर पाजणाऱ्या बायकांना स्तनाच्या चिरांसाठी शुद्ध लॅनोलिनची ट्यूब देतात, तीच ओठाला लावली तर उत्तम काम करते. फक्त काही जणांना लोकरीची अ‍ॅलर्जी असते तशी लॅनोलिनचीही असते, लावल्यावर खाज सुटली की बंद.

तूप, साय, मध, खोबरेल, यातलं काय लावावं?

साजूक तूप आपल्याकडं बेंबीत आणि ओठाला लावायची रीत जुनीच आहे. बेंबीतल्या तुपानं ओठ मऊ होतात याला आधार नाही, ओठावरचं तूप मात्र खरंच मऊ करतं. पण तूप अंगाच्या उबेनं लगेच वितळतं आणि पाच-दहा मिनिटांत जिभेनं गेलेलं असतं. रात्री झोपताना, थोडं जास्त, एवढाच त्याचा उपयोग.

खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणून थंडीत बाटलीत गोठतं आणि उन्हाळ्यात पाणी होतं. मऊ करायला चांगलं, पण एकटं टिकत नाही. खोबरेल लावून पाच मिनिटांनी वरून जेलीचा हात फिरवा, हे जोडकाम मला सगळ्यात जास्त आवडतं आणि खर्च काहीच नाही.

करडईचं तेल आपल्या भागाचं. घाण्यावरून आणलेल्या करडईत लिनोलेइक अ‍ॅसिड भरपूर असतं आणि ते कातडीच्या थराला उपयोगी आहे. पण त्याच कारणानं ते लवकर खवट होतं. ताजं असेल तोवर लावा, वास फिरला की ते फोडणीलाही नको आणि ओठालाही नको.

एरंडेल घट्ट आणि चिकट, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलेइक अ‍ॅसिड असतं. लिपस्टिकची चकाकी बऱ्याचदा याच्यामुळं येते आणि रंगही यात छान मिसळतो. कोकणातून येणारं कोकमाचं तेल, ते पांढरट गोळे असतात ना, तेही भेगांसाठी फार चांगलं, गोळा गरम चमच्यावर टेकवायचा आणि लावायचं.

मध पाणी ओढतो पण चिकट आणि गोड, म्हणजे माणूस चाटणारच. दहा मिनिटं ठेवून धुवायचा असेल तर ठीक. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठाला मात्र मध अजिबात लावू नका, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. साय लावली तर थोड्या वेळात धुवा, फुटलेल्या ओठावर ती आंबते. लिंबू-साखर चोळणं पूर्ण बंद करा.

शिया, कोको, कोकम बटर, यांत फरक काय?

कोको बटर ३४ ते ३८ अंशांत वितळतं, म्हणून तोंडात चॉकलेट विरघळतं तसं ते ओठावर विरघळतं. शिया त्याहून मऊ. कोकम बटर, म्हणजे वर सांगितलेलं कोकमाचं तेलच, थोडं कडक, ४० च्या आसपास. तिन्ही चांगले, उन्हाळ्यात आपल्याकडं कोकम जास्त तग धरतं. शियाच्या बाममध्ये कधी कधी रवाळ कण लागतात, ते खराब झालेलं नसतं. उन्हात वितळून हळूहळू थंड झालं की असं होतं. पूर्ण वितळवून पटकन फ्रिजमध्ये ठेवा, परत गुळगुळीत होतं.

एप्रिल-मेमध्ये बाम पर्समध्येच वितळतो, काय करू?

यादी बघा. पहिल्या तीन-चारांत सेरा अल्बा, कार्नौबा, कँडेलिला (हेही झाडाचं मेण) यातलं काही असेल तर स्टिक उभी राहते. पहिलं नाव खोबरेल किंवा कोको बटर असेल तर दुपारी एसटीत बसलात की झालं त्याचं पाणी. त्या दोन महिन्यांत डबी किंवा पिळायची ट्यूब घ्या, वितळलं तरी सांडत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर आणि मोटारसायकलच्या डिकीत काहीच ठेवू नका.

ओठाला सनस्क्रीन खरंच लागतं?

आपल्या उन्हात तर लागतंच. ओठात रंगद्रव्य कमी असतं आणि खालचा ओठ सरळ आभाळाकडं तोंड करून असतो. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांचा खालचा ओठ खडबडीत, पांढुरका होतो, ओठाची कड पुसट होते, आणि त्यातल्या काहींना पुढं कॅन्सर होऊ शकतो.

एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारी किरणं अडवतं, ३० असेल तर ९७ आणि ५० असेल तर ९८. म्हणजे ३० च्या पुढं फार पैसे घालायची गरज नाही, पण ३० तरी घ्या, आणि सोबत पीए किंवा ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं बघा, म्हणजे यूव्हीए ही दुसरी किरणंही अडतात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असलेले बाम थोडे पांढरे दिसतात पण झोंबत नाहीत. अ‍ॅव्होबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट असलेले पारदर्शक दिसतात, काहींना कडू लागतात. कुठलाही घ्या, दर दोन तासांनी आणि जेवण-चहा झाल्यावर परत लावायचा. जेलीला, तुपाला, खोबरेलला भरवशाचं एसपीएफ नाही.

ज्यांना दिवसभर फडात ऊस तोडायचाय किंवा रानात वाकून वेचणी करायचीय त्यांना दर दोन तासांनी ट्यूब काढा म्हणणं सोपं आहे, करणं अवघड आहे, हे मला माहिती आहे. त्यांनी सकाळी एकदा जाड लावावा आणि वर रुमाल, स्कार्फ किंवा पदर तोंडावर घ्यावा, कापडाचं संरक्षण घामानं उतरत नाही.

लहान लेकराच्या ओठाभोवती लाल गोल चट्टा आलाय.

चाटण्यानं येतो तो. जीभ जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत चट्टा असतो. साधी जेली ओठावर आणि चट्ट्यावर, शाळेत जायच्या आधी, आल्यावर, झोपताना. स्ट्रॉबेरी, चॉकलेटच्या चवीचा बाम मुळीच देऊ नका, चव असेल तर लेकरू अजून चाटतं. मेंथॉल-कापूरवाला तर लहानांना नाहीच, कापूर पोटात गेला तर लेकरांना झटके येऊ शकतात. मोठ्यांचा असा बामही त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

घरात माळकरी आहेत, बाम शाकाहारी आहे हे कसं ओळखायचं?

तीन नावं बघा. सेरा अल्बा मधमाशीचं, लॅनोलिन मेंढीचं, आणि कार्माइन म्हणजे सीआय ७५४७० हा लाल रंग, तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. पहिली दोन बऱ्याच घरांत चालतात कारण जीव जात नाही, कार्माइन मात्र किडे मारूनच होतं. कँडेलिला आणि कार्नौबा ही झाडाची मेणं आहेत, ती असलेला आणि बिनरंगाचा बाम घेतला की प्रश्न मिटतो.

'हर्बल', 'ऑरगॅनिक', 'केमिकल फ्री' लिहिलेलं जास्त सुरक्षित असतं ना?

पेपरमिंट हर्बल आहे, दालचिनी हर्बल आहे, लिंबाचं तेल हर्बल आहे, आणि फुटलेल्या ओठाला तिन्ही त्रास देतात. प्रोपोलिस मधमाशीच्या पोळ्यातलंच असतं तरी अ‍ॅलर्जीचं नेहमीचं कारण आहे. केमिकल फ्री या शब्दाला तर काही अर्थ नाही, पाणीही केमिकलच आहे.

पॅराबेन, म्हणजे माल टिकवायला टाकतात ते प्रिझर्व्हेटिव्ह, त्यांची भीती पण लिप बामपुरती बाजूला ठेवा. नुसत्या तेल-मेणाच्या बाममध्ये पाणी नसतं म्हणून जंतू सहसा वाढत नाहीत, प्रिझर्व्हेटिव्हची गरजच पडत नाही. 'पॅराबेन फ्री' लिहून जास्त पैसे घेत असतील तर ते जे मुळात लागतच नाही त्याचे घेतायत.

मॅट लिपस्टिकनं ओठ सुकतात, काय टाळू?

पातळ मॅट लिपस्टिकमध्ये आयसोडोडेकेन असतं, ते उडून जातं आणि मागं कोरडा रंगाचा पापुद्रा राहतो, म्हणून ओठ ओढल्यासारखे होतात. लग्नसराईत रोज लावत असाल तर आधी बाम लावा, दहा मिनिटांनी टिश्यूनं टिपा, मग लिपस्टिक. रात्री खोबरेलनं काढा, घासू नका. बिनालेबलच्या रंगीत वस्तू घेऊ नका. नियमात कॉस्मेटिकच्या कृत्रिम रंगात शिशाची मर्यादा २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग, घातलेली आहे, पण ज्याच्यावर कंपनीचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर काहीच नाही ती वस्तू कुणी तपासलेलीच नसते.

बाम लावल्यापासून उलट जास्त खाज आणि पुरळ आलंय.

सगळं बंद, फक्त साधी जेली. सुगंध, चव, लॅनोलिन, प्रोपोलिस, काही सनस्क्रीन, क्वचित व्हिटॅमिन ई, यातलं काहीही असू शकतं. टूथपेस्टही बघा, पुदिना आणि दालचिनीच्या चवीनं किंवा फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटनं ओठ सोलले जातात आणि आपण बामला नावं ठेवत बसतो. नवीन बाम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघायचा. पिंपलच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सुकणारच, जवळजवळ प्रत्येकाचे सुकतात. गोळी मनानं बंद करू नका, जेली वाढवा आणि डॉक्टरांना सांगा.

महाग बाम घ्यावा का?

ग्रॅमचा भाव काढा. समजा साडेचार ग्रॅमची स्टिक १८० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला ४० रुपये. आता महाग आणि स्वस्त, दोन्ही बामच्या याद्या शेजारी ठेवा, पहिली पाच नावं सारखीच असतील तर जास्तीचे पैसे डबीचे आणि वासाचे आहेत. जास्त पैसे द्यायचेच असतील तर एसपीएफला द्या, तिथं खरंच फरक पडतो.

घरी बनवता येतो का?

येतो. तेल तीन भाग, बटर दोन भाग, मधमाशीचं मेण एक भाग. उन्हाळ्यासाठी मेण दीड भाग. गॅसवर थेट ठेवू नका, पातेल्यात पाणी गरम करून त्यात वाटी ठेवा, आधी मेण, मग बटर, मग तेल, आणि कोरड्या डबीत ओता. पाण्याचा थेंब नको. बीटाचा रस, कोरफडीचा गर, गुलाबपाणी टाकायचा मोह होतो, पण त्यानं आठ-दहा दिवसांत बुरशी येऊ शकते. मेण खात्रीच्या माणसाकडून घ्या, मेणबत्तीचं पॅराफिन चालत नाही.

काळे ओठ गुलाबी करणारा बाम कुठला?

असा कुठलाच नाही. काहींचे ओठ जन्मतः सावळे असतात, त्यात बिघडलेलं काही नाही, उगाच घासून पांढरे करायला जाऊ नका. सिगारेटनं, उन्हानं किंवा सतत चाटून-चावून काळे झाले असतील तर कारण थांबवा, एसपीएफ लावा. रंग उजळणारी क्रीम ओठाला लावू नका, त्यात पारा किंवा स्टेरॉइड निघाल्याच्या तक्रारी होत असतात.

डॉक्टरला कधी दाखवायचं?

दोन-तीन आठवडे साधी जेली लावून, चाटणं सोडूनही फरक नाही तर दाखवा. तोंडाचे कोपरे चिरत असतील तर ते बामचं काम नाही, तिथं बुरशी असू शकते, लोह किंवा बी-२ कमी असू शकतं, कवळी नीट बसत नसेल तरी होतं.

आणि जो तंबाखू, गुटखा, मिश्री लावतो त्याच्यासाठी वेगळं सांगते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे तरी गालात पुडी धरलेली माणसं रोज समोर दिसतात. ओठावर किंवा गालात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर बाम मागायला येऊ नका, सरळ दवाखान्यात जा. संभाजीनगरला घाटी हा सरकारी दवाखाना, तसंच नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखवता येतं. कॅन्सर असला तरी लवकर सापडला तर बरा होऊ शकतो, म्हणून दादा, काका, ज्याला म्हणून मी हे सांगते त्याला हात जोडून सांगते.

बाम किती दिवस वापरायचा?

तारीख असेल ती पाळा. तारखेआधीही वास खवट झाला, रंग बदलला की टाका. जेली सगळ्यात जास्त टिकते, घाण्याच्या कच्च्या तेलांचे बाम सगळ्यात कमी.

घरात एकच डबी सगळ्यांनी वापरली तर?

नको. ओठावर पाण्याचे बारीक फोड येतात, आपण जर मुतला म्हणतो, तो हर्पिसचा विषाणू असतो आणि डबीत बोट घालून तो एकाकडून दुसऱ्याकडं जाऊ शकतो. प्रत्येकाची ट्यूब वेगळी ठेवा. मोठी डबीच असेल तर स्वच्छ चमच्यानं किंवा इअरबडनं थोडं काढून घ्या, आणि ज्याला फोड आलेत त्यानं ते खपल्या पडून पूर्ण बरे होईपर्यंत आपलं वेगळंच वापरायचं, बरे झाल्यावर ती ट्यूब फेकून नवीन घ्यायची.